लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना शिधा कोण देणार?

जगभरचे संगणक ज्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालतात, त्यातला फार मोठा भाग कोणी विकत घेतलेला नसतो. तो फुकट मिळतो. कारण कुठेतरी कोणीतरी आपली नोकरी सांभाळून, झोप मोडून, प्रसंगी पदरमोड करून तो लिहितो आणि निगुतीने जपतो. या मंडळींचे उपकार फेडायचे कसे? पगार देऊन पाहिला, बक्षिसं लावून पाहिली, टी-शर्टसुद्धा वाटून झाले. पण प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही!

अवघ्या अर्ध्या सेकंदाचा उशीर. त्यावरून एवढं मोठं कारस्थान उघडकीस येईल, असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

२०२४ सालचा मार्च महिना. मायक्रोसॉफ्ट कंपनीत नोकरी करणारे इंजिनिअर अँड्रेस फ्रॉईंड आपल्या संगणकावर काही चाचण्या घेत होते. एका संगणकातून दुसऱ्यात शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणी तिकडे काणाडोळा केला असता. फ्रॉईंड यांनी मात्र त्या उशिराचा पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला जगाला जे सांगितलं, त्याने भल्याभल्यांची झोप उडाली. ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता!

मोठ्या फाइली दाबून लहान करायच्या, एवढंच या एक्सझेडचं काम. पण लिनक्सवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संगणकात ते असतं. चोरदरवाजा असलेली आवृत्ती तेव्हा फक्त चाचणीच्या टप्प्यातल्या काही संगणकांपर्यंत पोहोचली होती. आणखी काही महिने ती कोणाच्या नजरेस पडली नसती, तर जगभरातल्या असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या एका अज्ञात माणसाच्या हाती गेल्या असत्या.

हा चोर आत शिरला तरी कसा? घरमालकाचा विश्वास संपादन करून!

एक्सझेडची देखभाल वर्षानुवर्षं करत होते फिनलंडचे लासे कॉलिन. जवळपास एकटेच आणि बिनपगारी. २०२१च्या अखेरीस ‘जिया टॅन’ असं नाव सांगणारा एक जण मदतीला आला. काम नेटकं, बोलणं नम्र. पुढच्या वर्षी काही अनोळखी नावं अचानक कॉलिन यांच्या मागे लागली. कामं रखडतात, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती सोपवा, असा त्यांचा धोशा. आपल्याला बराच काळ मानसिक स्वास्थ्याचा त्रास होतोय, शिवाय हे काम बिनपगारी छंदाचं आहे हेही ध्यानात घ्यावं, असं कॉलिन यांनी जून २०२२मध्ये उघडपणे लिहिलं. पुढे हळूहळू जिया टॅनच्या हाती अधिकार आले. सज्जनपणाचं सोंग दोन वर्षांहून अधिक काळ वठवून त्याने फेब्रुवारी २०२४मध्ये डाव टाकला. धोशा लावणारी ती नावंही त्याच्याच टोळीतली असावीत, असा जाणकारांना संशय आहे. हा जिया टॅन म्हणजे नक्की कोण, हे कोडं काही उलगडलेलं नाही.

चोराने हेरला होता तो एक थकलेला राखणदार. जगातल्या कितीतरी बड्या कंपन्या ज्याच्या कामावर विसंबून होत्या, त्या माणसाला हातभार लावायला तीन वर्षांत दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं. आला तो फक्त चोर!

आजीच्या मसाल्याची वही

‘ओपन सोर्स’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरात डोकावावं लागेल. बाजारातून आणलेल्या मसाल्याच्या पाकिटावर घटकांची नावं असतात, पण प्रमाण नसतं. ते कंपनीचं गुपित. उलट आजीच्या वहीत गोड्या मसाल्याचं प्रमाण मांडून ठेवलेलं असतं. ते कोणीही उतरवून घ्यावं, धने थोडे वाढवावेत, दगडफूल कमी करावं आणि सुधारलेली कृती पुढच्या सुनेला द्यावी. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ही वही. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. वापरा, तपासा, बदला, वाटा... कोणी अडवत नाही.

अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. १९९१मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर ‘लिनक्स’ लिहायला घेतलं. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉईड फोनच्या मुळाशी हेच लिनक्स आहे. चित्रपट पाहण्यासाठी संगणकात असलेला, नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह मिरवणारा ‘व्हीएलसी’ प्लेअर याच कुळातला. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांच्या खटपटीतून तो जन्मला. जानेवारी २०२५पर्यंत तो ६०० कोटी वेळा उतरवून घेतला गेला होता. व्हीएलसीचा कारभार सांभाळणारे जाँ-बाप्तिस्त केम्फ यांना त्यात जाहिराती घुसवण्यासाठी कोट्यवधी युरोंचे देकार आले. त्यांनी ते नाकारले. म्हणूनच आजही व्हीएलसीवर सिनेमा लावला की थेट सिनेमाच सुरू होतो!

या फुकटच्या मालाची किंमत किती? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४मध्ये हा हिशेब मांडला. लोकांच्या नित्य वापरातलं ओपन सोर्स एकदाच नव्याने लिहायचं तर ४१५ कोटी डॉलर पुरतील. पण ते अस्तित्वातच नसतं आणि प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं, तर खर्च गेला असता ८ लाख ८० हजार कोटी डॉलरच्या घरात! त्याहून डोळे विस्फारणारी गोष्ट म्हणजे, यातलं ९६ टक्के मोल निर्माण करणारे हात एकूण हातांपैकी जेमतेम ५ टक्के आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ओपन सोर्समधले सगळेच काही फुकट राबत नाहीत. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा पगार आहे. खुद्द टोरवाल्ड्स यांचा चरितार्थ लिनक्स फाउंडेशन ही संस्था चालवते. पण लिनक्स हा झाला गावातला प्रसिद्ध देव. त्याच्या दानपेटीत पैसे पडतातच. खरी ओढाताण आहे ती वेशीवरच्या लहानसहान देवळांची. तिथे रोज दिवा लागतो खरा, पण तेल कोण घालतं याची चौकशी कोणी करत नाही.

वर्षाला दोन हजार डॉलर!

ही चौकशी जगाने पहिल्यांदा केली ती एप्रिल २०१४मध्ये. तीही तोंड पोळल्यावर.

बँकेच्या वेबसाइटच्या पत्त्याशेजारी काही ब्राउझरमध्ये लहानसं कुलूप दिसतं. आपला पासवर्ड वाटेत कोणी वाचू नये, अशी तजवीज त्यामागे असते. ही तजवीज जगातल्या असंख्य वेबसाइट्स ‘ओपनएसएसएल’ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या मदतीने करतात. ७ एप्रिल २०१४ला त्यात एक भगदाड असल्याचं जाहीर झालं. ‘हार्टब्लीड’ असं त्याचं नाव. सुरक्षित म्हणवणाऱ्या सुमारे पाच लाख वेबसाइट्स त्या एका चुकीमुळे उघड्या पडल्या होत्या. कॅनडाच्या करखात्यातून तर नऊशे नागरिकांचे क्रमांक चोरीला गेले.

ही चूक एका जर्मन विद्यार्थ्याने स्वेच्छेने लिहून दिलेल्या भागात राहून गेली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये दाखल झाली २०११ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री, जग नव्या वर्षाच्या स्वागतात दंग असताना. दोन वर्षांहून अधिक काळ ती कोणाच्या ध्यानात आली नाही. येणार तरी कशी? लाखो ओळींच्या या सॉफ्टवेअरला पूर्ण वेळ देणारा माणूस होता एकच, इंग्लंडचे स्टीफन हेन्सन. ओपनएसएसएलचे आर्थिक व्यवहार पाहणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी त्या वेळी जाहीर केलेला आकडा वाचून अनेकांनी तोंडात बोटं घातली. या कामासाठी देणगी म्हणून येणारी रक्कम होती वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. त्या वेळच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आसपास!

बोभाटा झाल्यावर जगभरातून पाच-पाच, दहा-दहा डॉलर येऊ लागले. आठवडाभरात नऊ हजार डॉलर जमले. पाठवणारे बहुतेक सामान्य लोक होते. मोठ्या कंपन्यांना जाग यायला आणखी थोडे दिवस लागले. २४ एप्रिलला लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, इंटेल, आयबीएम वगैरे कंपन्या एकत्र आल्या. प्रत्येकीने तीन वर्षं दरसाल किमान एक लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. त्यातून ओपनएसएसएलला दोन पूर्णवेळ माणसं मिळाली.

संकट आल्यावर मदत धावून येते, हे खरं. पण संकट येण्याआधी काय?

कोख यांच्या घरची चूल

जर्मनीच्या वेर्नर कोख यांची कहाणी या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. ई-मेलमधला मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून वापरलं जाणारं ‘जीएनयूपीजी’ हे सॉफ्टवेअर त्यांनी १९९७मध्ये लिहायला घेतलं. अमेरिकी सरकारच्या हेरगिरीचं बिंग २०१३मध्ये फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांशी संपर्क साधताना याच सॉफ्टवेअरचा आधार घेतला होता. जगभरचे पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्ते त्यावर विसंबून होते. आणि कोख यांची कमाई? २००१पासून सरासरी वर्षाला २५ हजार डॉलर. पदरी पत्नी आणि लहान मुलगी. हाताखालच्या माणसाला द्यायलाही पैसे उरले नव्हते. २०१३च्या सुरुवातीला तर हे सगळं सोडून नोकरी धरावी, या विचारापर्यंत ते आले होते. तेवढ्यात स्नोडेन प्रकरण गाजलं आणि ही सोडण्याची वेळ नव्हे, असं त्यांना वाटलं.

फेब्रुवारी २०१५मध्ये ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने त्यांची कहाणी छापली आणि चक्रं फिरली. कोख यांनी लोकांकडे मागितलेली एक लाख वीस हजार युरोंची रक्कम एका दिवसात पुरी झाली. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी दरसाल प्रत्येकी ५० हजार डॉलर देऊ केले. लिनक्स फाउंडेशनच्या निधीतून ६० हजार आले.

या गोष्टीचा शेवट अधिक गोड आहे. पुढच्या काळात जर्मन सरकारी कार्यालयांना या सॉफ्टवेअरची खास आवृत्ती आणि सेवा विकून कोख यांच्या कंपनीला नियमित उत्पन्न मिळू लागलं. २०२२च्या जानेवारीत त्यांनी देणगीदारांना जाहीरपणे कळवलं की आता आमचं नीट चाललंय, तुमची मासिक देणगी थांबवा आणि दुसऱ्या गरजू प्रकल्पाला द्या! पुरेसं मिळाल्यावर ‘पुरे’ म्हणणारा माणूस विरळाच.

बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

मग सरळ सगळ्यांना पगार द्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल, असं कोणालाही वाटेल. ‘डेबियन’ या लिनक्सच्या आवृत्तीमागच्या मंडळींनाही २००६मध्ये असंच वाटलं होतं.

डेबियन म्हणजे जगभरातल्या हजारभर स्वयंसेवकांचा संसार. नवी आवृत्ती दरवेळी रखडायची. तेव्हाचे प्रमुख, ऑस्ट्रेलियाचे अँथनी टाउन्स आणि काही सहकाऱ्यांनी एक तोडगा काढला. आवृत्ती वेळेवर काढण्याची जबाबदारी असलेल्या दोघांना प्रत्येकी सहा हजार डॉलर द्यायचे, म्हणजे एकेक महिना ते पूर्णवेळ हेच काम करतील. ४ डिसेंबर २००६ ही तारीखही ठरली.

झालं, वादाला तोंड फुटलं! त्या दोघांना पैसे मिळणार, मग आम्ही इतकी वर्षं घरचं खाऊन केलं त्याचं काय? कोणाचं काम पैशाच्या लायकीचं आणि कोणाचं नाही, हे ठरवायचं कोणी? काही जुन्याजाणत्यांनी नाराजी जाहीर करून आपल्या कामातून हात आखडता घेतला. आवृत्ती अखेर निघाली ती ८ एप्रिल २००७ला, ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा. या उशिराचं सगळं खापर पैशांवर फोडणं योग्य होणार नाही. पण घाई व्हावी म्हणून केलेला उपाय घाईच्या कामी आला नाही, हेही तितकंच खरं.

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडळात ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना यातली मेख लगेच कळेल. मांडववाल्याला, विजेवाल्याला, बँडवाल्याला पैसे दिले तर कोणाची तक्रार नसते. पण रात्रभर आरास करणाऱ्या दहा पोरांपैकी दोघांच्या हातावर पाकीट ठेवा... उरलेली आठ जण दुसऱ्या दिवशी येतीलच, याची खात्री कोण देईल?

एका टी-शर्टसाठी झुंबड

पैशांऐवजी एखादी भेटवस्तू द्यावी, तर तिथेही फजितीच. दर ऑक्टोबरमध्ये एक अमेरिकी कंपनी ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम चालवत असे. कुठल्याही ओपन सोर्स प्रकल्पाला चार सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा! नवख्यांना गोडी लागावी, हा हेतू चांगलाच. पण २०२० साली काय घडलं? सुधारणा कशी पाठवायची, हे भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीने उदाहरणासह दाखवलं आणि त्याचीच नक्कल करत मुलांनी पूर लोटला. कुठे एखादा शब्द वाढव, कुठे शीर्षकात ‘छान प्रकल्प’ असं घुसडून दे! जगभरातले बिनपगारी राखणदार हा केर उपसता उपसता मेटाकुटीला आले. चार दिवसांत आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढेच उपक्रमात घेतले गेले.

बक्षिसाचीही तीच तऱ्हा. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांचं ‘कर्ल’ हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून माहितीची ने-आण करतं. मोटारींपासून टीव्हीपर्यंत अब्जावधी उपकरणांत ते दडलेलं असतं. या कामाबद्दल २०१७मध्ये त्यांना स्वीडनचा मानाचा पोल्हेम पुरस्कार मिळाला आणि खुद्द राजाच्या हस्ते सुवर्णपदक. २०१९पासून कर्लने एक योजना राबवली. सुरक्षेतलं भगदाड दाखवा, रोख बक्षीस न्या. सुरुवातीला तिचा उपयोगही झाला. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं सर्वांच्या हाती आली आणि बसल्या जागी खोट्या भगदाडांचे लांबलचक अहवाल पाठवणाऱ्यांचं पेव फुटलं. एकेक अहवाल खोटा ठरवण्यात तासन्‌तास जायचे. शेवटी जानेवारी २०२६अखेर स्टेनबर्ग यांनी बक्षीस योजनेलाच टाळं ठोकलं. चुका दाखवणाऱ्यांचं आजही स्वागत आहे, पण पैसे मिळणार नाहीत!

‘मला नको, मुलांना द्या’

या सगळ्या गोंधळात हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांनी शोधलेली वाट आगळीच म्हणायला हवी. त्यांनी १९९१मध्ये जगापुढे ठेवलेलं ‘व्हिम’ हे मजकूर लिहिण्याचं सॉफ्टवेअर लाखो प्रोग्रॅमर रोज वापरतात. १९९४मध्ये मोलेनार युगांडातल्या किबाले या खेड्यात वर्षभर पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या कामासाठी गेले. एड्सच्या साथीने तिथे कितीतरी मुलं पोरकी केली होती. परतल्यावर त्यांनी त्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या वापरावर एकच विनंती जोडली. व्हिम आवडलं, तर पैसे मला नकोत, या मुलांना पाठवा.

व्हिम उघडलं की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचं आवाहन पडद्यावर दिसायचं. त्यातून मुलांच्या फिया भरल्या गेल्या, औषधपाणी झालं. मोलेनार यांचं पोट त्यांच्या नोकरीवर चालत होतं, म्हणून हे औदार्य त्यांना परवडलं, हेही खरं. ३ ऑगस्ट २०२३ला वयाच्या ६२व्या वर्षी त्यांचं निधन झालं. व्हिमची जबाबदारी त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलली.

बक्षीस नको, शिधा हवा

पगाराने रुसवेफुगवे, बक्षिसाने लबाडांची गर्दी, एकरकमी देणगीने चार दिवसांचा उमाळा... मग उपयोगी पडतं तरी काय?

कोख यांच्या कहाणीत त्याचं उत्तर दडलंय. काम करणारा आधीपासूनच काम करतोय, त्याला कामाची गोडी लावायची गरज नाही. गरज आहे ती त्याच्या घरातली चूल विझू न देण्याची. जुन्या काळी गावातल्या गुरवाला वर्षाचा शिधा मिळे. दिव्यामागे इतके पैसे, असा हिशेब त्यात नसे. मदत थोडी असावी पण नियमित असावी. तिच्याबदल्यात अमुकच करून दे अशी अट नसावी. आणि ती काम मोडण्याआधी पोहोचावी.

या दिशेने काही पावलं पडू लागली आहेत. जर्मन सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ सुरू केला. रस्ते आणि पूल यांची डागडुजी सरकार करतं, तशी या अदृश्य पुलांचीही करावी, हा त्यामागचा विचार. ‘नोम’ या प्रकल्पाला त्यातून दहा लाख युरो मिळाले. २०१९पासून ‘गिटहब’ या संकेतस्थळावर कोणालाही आपल्या आवडत्या प्रोग्रॅमरला दरमहा छोटी रक्कम पाठवण्याची सोय आहे. २०२४मध्ये काही कंपन्यांनी एक वचनपत्र पुढे आणलं. आपल्या पगारी प्रोग्रॅमरांमागे माणशी किमान दोन हजार डॉलर दरसाल ओपन सोर्सला द्यायचे!

भारतातही हालचाल आहे. शेअर बाजारातली ‘झिरोधा’ ही बंगळूरूची कंपनी आपला डोलारा ओपन सोर्सवर उभा असल्याचं मोकळेपणाने मान्य करते. तिने ऑक्टोबर २०२४मध्ये दरसाल दहा लाख डॉलरपर्यंत मदत देणारा निधी जाहीर केला. जगातल्या कुठल्याही प्रकल्पाने अर्ज करावा, दहा हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत मदत मिळवावी. आजवर या देवाणघेवाणीत भारताचं पारडं घेण्याच्या बाजूनेच झुकलेलं होतं. त्यामुळे या निधीचं मोल रकमेपेक्षा मोठं आहे.

तरुणांसाठी गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५पासून चालू आहे. त्यात विद्यार्थ्याला एका जाणत्या प्रोग्रॅमरच्या हाताखाली ओपन सोर्सचं काम करता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. भारतीय मुलांचा त्यात दरवर्षी मोठा भरणा असतो. टी-शर्टच्या मागे लागलेली आणि इथे महिनोन्‌महिने घाम गाळणारी मुलं एकाच देशातली. फरक आहे तो हात धरून शिकवणाऱ्याचा.

मराठी वाचकांचाही या वहीशी रोजचा संबंध आहे. संगणकावर दिसणारा ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्ट रेड हॅट कंपनीने खुला केला. तिच्या पुण्यातल्या पगारी इंजिनिअरांनी तो जोपासला. ‘मुक्त’ हा देखणा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांसारख्या सॉफ्टवेअरमधल्या सूचना मराठीत दिसतात, त्यामागे तर कितीतरी स्वयंसेवकांनी शब्दाशब्दावर घातलेला खल आहे.

आपल्याला काय करता येईल?

हा केवळ कंपन्यांचा प्रश्न नाही. घरातल्या संगणकावर कोणती ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत, हे एकदा मुलांना शोधायला सांगा. व्हीएलसी, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांपैकी एखादं तरी सापडेलच. जे नेहमी वापरता, त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर देणगीची सोय असते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पोस्तासारखी, जमेल ती रक्कम ठरवून द्या. मात्र अधिकृत संकेतस्थळाचीच खात्री करून घ्या.

पैसे देणं जमत नसेल तरी हरकत नाही. मराठी चांगलं असेल, तर भाषांतराच्या कामाला हात लावता येतो. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावंच लागतं असं नाही. एखादी चूक आढळली, तर ती नीट, सविस्तर आणि सभ्य भाषेत कळवा. समोरचा माणूस आपला नोकर नाही, हे ध्यानात असू द्या. आणि सगळं ठीक चालत असेल, तर तेही कळवा. या मंडळींना पत्रं येतात ती बहुधा तक्रारींचीच.

घरातला मुलगा किंवा मुलगी रात्र-रात्र संगणकापुढे बसून असलं बिनपैशाचं काम करत असेल, तर रागावण्याआधी ते काम काय आहे, एवढं जरूर विचारा.

...आणि लासे कॉलिन यांचं पुढे काय झालं? ज्या माणसाच्या विश्वासाचा असा गैरफायदा घेतला गेला, त्याने सगळं सोडून दिलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. पण कॉलिन परतले. जिया टॅनने केलेला एकेक बदल त्यांनी निवडून, पारखून पाहिला आणि २९ मे २०२४ला, बिंग फुटल्याला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, एक्सझेडची स्वच्छ आवृत्ती जगाच्या हवाली केली.

लष्कर पुन्हा जेवायला बसलं. तव्यापाशी कोण उभं आहे, याची आठवण आता तरी त्याने ठेवावी!